विमानाचे पॉइंट जमवायला निघालात? आधी या चुका टाळा

पुण्याजवळच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मी चौदा वर्षं ट्रॅव्हल डेस्क सांभाळते आहे. सेल्सला नवा माणूस लागला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी येतो. "ताई, कुठल्या एअरलाइनचं मेंबर होऊ?" मी विचारते, "तुम्हाला टेरिटरी कुठली दिलीय?" तर म्हणतो, "ते अजून ठरायचंय." म्हणजे मुलगी बघायच्या आधीच कार्यालय बुक!

तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

आधी ऑफर बघायची, मग रूट

वेलकम बोनस, लाउंजचा फोटो, कुणा मित्राला फुकट मिळालेलं गोव्याचं तिकीट. माणसं हे बघून कार्यक्रम, म्हणजे प्रवासावर पॉइंट आणि त्या पॉइंटांवर पुढे तिकीट देणारी विमान कंपनीची सदस्ययोजना, निवडतात. पण पॉइंट मिळतात ते तुम्ही ज्या विमानात खरंच बसता त्याचे. देशांतर्गत प्रवाशांतले साठ टक्क्यांहून जास्त आज इंडिगोने जातात. तुमचं काम रायपूर, कोइम्बतूर, राजकोट अशा गावांत असेल तर बरेचदा निवडीचा प्रश्नच उरत नाही, मिळेल ते विमान इंडिगोचंच असतं. गंमत म्हणजे २००६ साली उडायला लागलेल्या या कंपनीने, बँकेच्या कार्डावरची योजना सोडली तर, नेहमीच्या प्रवाशांसाठी स्वतःचा कार्यक्रम आणला तो थेट २०२४ मध्ये. त्याचं नाव ब्लूचिप. मुंबई-दिल्ली, दिल्ली-बंगळूरु असा मोठ्या शहरांमधला प्रवास असेल तर एअर इंडियाचा महाराजा क्लब हिशेबात घ्यायला हवा. कोल्हापूर किंवा नांदेडहून निघणाऱ्यांना स्टार एअरचंही वेळापत्रक बघावं लागतं.

माझी पद्धत जुनी आहे. फुलस्केप वही घेते, मागच्या सहा महिन्यांची तिकिटं काढते आणि चार रकाने आखते: कुठून कुठे, किती वाजता, कुठली कंपनी, आणि तिकीट बदललं का. चौथा रकाना कुणीच आखत नाही आणि कामाच्या प्रवासात खरी मेख तिथेच असते. ग्राहकाकडे मशीनची ट्रायल एक दिवस लांबली, मीटिंग दोन तास आधी संपली, की तिकीट हलतं. त्या वेळी त्याच कंपनीचं त्या दिवशी अजून एखादं विमान आहे का आणि बदलाचे पैसे किती पडतात, हे वर्षभरात जमलेल्या पॉइंटांपेक्षा महाग प्रकरण आहे. दिवसातून एकच विमान सोडणाऱ्या कंपनीचे दुप्पट पॉइंट मिळाले तरी मी आमच्या माणसाला तिकडे ढकलत नाही.

वहीत दोन-तृतीयांश फेऱ्या एकाच कंपनीच्या निघाल्या तर प्रश्न मिटला. निम्म्या-निम्म्या असतील तर दोन्हीकडे खातं उघडा, पैसे पडत नाहीत. वर्षाला सात-आठच फेऱ्या होत असतील तर सिल्व्हर-गोल्ड या सदस्यत्वाच्या वरच्या पायऱ्यांच्या नादाला लागू नका. बुकिंगमध्ये सदस्यक्रमांक टाका आणि विसरून जा.

ऑफिसचा मेल आणि ऑफिसचं सिम

ही माझी सगळ्यात नावडती चूक. दरवर्षी कुणीतरी करतंच.

आमच्याकडे एक सर्व्हिस इंजिनिअर होते. नऊ वर्षं देशभर फिरले. जमशेदपूरला जायचं म्हणून रांचीचं पहाटेचं विमान, होसूरला जायचं म्हणून बंगळूरुचं रात्रीचं. कधी तक्रार नाही. एका विमान कंपनीकडे त्यांचे सत्तर हजारांच्या आसपास पॉइंट साठले होते. मुलीची बारावी झाली की चौघांनी अंदमानला जायचं, असा बेत. मधेच त्यांना चांगली नोकरी लागली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, आयडी आणि कंपनीचं सिम जमा करून, पेढे वाटून गेले.

तीन आठवड्यांनी त्यांच्या जागी आलेला मुलगा माझ्याकडे आला. हातात मोबाइल. "ताई, हे ओटीपी कुणाचे येतायत? सकाळपासून सहा आले." मी बघितलं आणि लगेच उमगलं. साहेब नव्या ऑफिसात बसून खात्यात शिरायचा प्रयत्न करत होते आणि ओटीपी इकडे या पोराच्या हातात टिणटिणत होता. मेल आयडीही कंपनीचाच दिलेला, तो आयटीवाल्यांनी त्याच संध्याकाळी बंद केलेला.

मी म्हटलं, सोपं आहे, पुढचा ओटीपी फोनवरून सांगून टाकू. तसं केलंही. आत गेल्यावर साहेब नंबर बदलायला गेले, तर पडताळणीची लिंक बंद पडलेल्या मेलवर! मग कस्टमर केअर. त्यांचं म्हणणं, नोंदवलेल्या मेलवरूनच अर्ज करा. ज्या मेलवर शिरता येत नाही म्हणून अर्ज करायचा, त्याच मेलवरून. आधारची प्रत, जुने बोर्डिंग पास, आमच्या एचआरचं पत्र, असं करत करत अडीच महिने गेले. खातं उघडलं तेव्हा त्यातल्या एकोणीस हजार पॉइंटांची मुदत संपली होती. अंदमानला गेले, पण दोघांची तिकिटं रोख काढून.

खातं तुमच्या नावाचं असतं, कंपनीच्या नव्हे. त्यामुळे मेल स्वतःचा आणि नंबरही घरचा, जो तुम्ही दहा वर्षं बदलणार नाही तो. "पण ताई, ऑफिसचा नंबर फॉर्मवर आपोआप आला होता," असं मला सांगू नका. खोडायला दोन सेकंद लागतात. पॉइंट कुणाचे, याबद्दल तुमच्या कंपनीचा काही नियम असेल तर तो मात्र आधीच विचारून घ्या. आमच्याकडे ज्याने उशाला बॅग घेऊन विमानतळावर झोप काढली त्याचे पॉइंट, असं ठरलेलं आहे.

तिकिटावर एक नाव, खात्यावर दुसरं

आपल्याकडे नावाचे जितके प्रकार आहेत तितके क्वचितच कुठे असतील. कुणाच्या आधारवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पॅनवर सरळ क्रम. विमान कंपनीच्या खात्यावर नुसतं नाव आणि आडनाव. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका: तिकीट सासरच्या नावाने, खातं माहेरच्या.

संगणकाला हे नातं कळत नाही. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर जुळलं नाही तर पॉइंट अडकण्याची शक्यता असते. आमच्या एका पाटलांच्या अकरा फेऱ्या अशाच कोरड्या गेल्या. त्यांच्या वडिलांचं नाव दत्तात्रय. खात्यावर ते मधल्या नावात होतं, तिकिटावर एजंटने पहिल्या नावालाच चिकटवलेलं, शिवाय इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एकीकडे 'ए' होता आणि दुसरीकडे नव्हता. त्यांना वर्षअखेरीस कळलं, कारण वर्षभर खातं उघडूनच बघितलं नव्हतं. मागचे पॉइंट मागता येतात, पण त्याला ठरावीक महिन्यांची मुदत असते. अकरांपैकी चार फेऱ्यांचे मिळाले.

मी काय करते ते सांगते. ज्या ओळखपत्रावर माणूस विमानतळात शिरतो त्यावरचं नाव प्रमाण. खातं त्याबरहुकूम, तिकीटही त्याबरहुकूम. आणि बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट पॉइंट जमा होईपर्यंत पुसायचा नाही. उतरल्या उतरल्या फोन साफ करणारी माणसं असतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे उपाय नाही.

अजून मैलांतच मोजायचं

जुने लोक आजही 'माइल्स' म्हणतात. म्हणू देत. पण हिशेबही तसाच करतात, तिथे फसतात. एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये अंतराचा हिशेब सोडला आणि खर्चलेल्या रुपयांवर पॉइंट द्यायला सुरुवात केली. म्हणजे आडवळणाने, दोन विमानं बदलून गेल्याने निव्वळ लांब अंतराचं बक्षीस मिळायचे दिवस गेले. तरी आमच्या एका मॅनेजरनी मार्चमध्ये पुण्याहून नागपूरला जायला दिल्लीवरून तिकीट मागितलं, वरची पायरी गाठायला थोडंच कमी आहे म्हणून. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी नागपुरात. एव्हाना समृद्धीवरून बस पोचली असती.

पॉइंट बहुधा मूळ भाडं आणि कंपनीचे अधिभार यांवर मोजतात, करांवर नाही. त्यामुळे बिलावरचा आकडा बघून मनात मांडे खाऊ नका. वापरतानाही एक छोटं गणित करा. समजा तिकीट रोखीने ५,४०० रुपयांना आहे आणि पॉइंटवर घेतलं तर ४,००० पॉइंट अधिक ९०० रुपये कर. म्हणजे ४,००० पॉइंटांनी तुमचे ४,५०० रुपये वाचवले, पॉइंटला एक रुपया साडेबारा पैसे. हाच आकडा दोन-तीन तारखांना काढून बघा. ज्या दिवशी रोख भाडं चढलेलं असतं त्या दिवशी पॉइंट कामी येतात. सेलच्या तिकिटावर पॉइंट उडवणं म्हणजे सोन्याची वाटी देऊन भाजी घेणं.

पॉइंट म्हणजे पीएफ समजणं

पॉइंटला व्याज लागत नाही आणि त्याला कुणाची हमी नसते. किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये थांबली, तेव्हा त्यांच्या किंग क्लब या कार्यक्रमात पॉइंट जमवलेल्यांचे चेहरे मी बघितलेत, नुकतीच नोकरीला लागले होते. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं. जेटचा पॉइंटांचा कार्यक्रम चालवणारी जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी असल्याने ते पॉइंट बुडाले नाहीत, पुढे तिचं इंटरमाइल्स झालं. पण ज्या विमानात बसायचं म्हणून जमवले ते विमानच राहिलं नाही. विस्ताराचं नशीब बरं. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट महाराजा क्लबमध्ये गेले.

माझा नियम: घरच्यांच्या एका सहलीपुरते झाले की वापरून टाका. मुलीच्या बारावीची वाट बघू नका.

बाकी बारीकसारीक

एजंटने बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल टाकलेला असतो. विमान चार तास उशिरा असल्याचा मेसेज त्याला जातो, तो झोपलेला, आणि तुम्ही पहाटे चारला लोहगाव विमानतळावर. तिकीट हातात आलं की पीएनआर उघडून स्वतःचा नंबर आणि सदस्यक्रमांक दोन्ही टाका.

कुठून बुकिंग केलं त्यावरही पॉइंटांचं प्रमाण बदलू शकतं. कंपनी कॉर्पोरेट भाड्याने तिकीट काढते का, हे ट्रॅव्हल डेस्कला विचारा. तिथे बदलाचे पैसे कमी पडतात, जेवण बरेचदा आत धरलेलं असतं. पॉइंटासाठी ते सोडून स्वतःच्या ॲपवर तिकीट काढायला मागणाऱ्यांना मी नाही म्हणते.

क्रेडिट कार्ड आधी घेऊन मग एअरलाइन निवडू नका. वार्षिक फी दरवर्षी न चुकता येते.

लाउंजसाठी जीव टाकणाऱ्यांनी एकदा सकाळी सातला मोठ्या विमानतळाच्या लाउंजबाहेरची रांग बघावी. आत गेल्यावर गार इडली मिळते.

टेलिग्रामवर पॉइंट विकत देणारे भेटतात. घेऊ नका. खातं बंद झालं तर माझ्याकडेही येऊ नका.

आणि जन्मतारीख ओळखपत्रावर असेल तीच द्या. खरी वेगळी असली तरी. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेल्यांची आपल्याकडे कमी नाही. आमच्या ऑफिसात चौघे आहेत. त्यातल्या एकाने खात्यावर आईने सांगितलेली खरी, श्रावणातली तारीख टाकली होती आणि पडताळणीत अडकला. आता त्यानेही बदलून घेतली. १ जूनला सकाळी चौघांनाही विमान कंपनीच्या शुभेच्छा येतात, आणि आम्ही चौघांकडूनही वडापाव वसूल करतो.