आयसीयूत नातेवाइकाच्या हाताला काम द्या

आयसीयूत पहिल्यांदा आलेला नातेवाईक पेशंटकडे नाही, मॉनिटरकडे बघत राहतो. म्हणून आत आणण्याआधी दाराबाहेरच दोन मिनिटं काढून त्यांना सांगा: तोंडात नळी आहे, त्यामुळे बोलता येणार नाही. चेहरा सुजलेला दिसेल. अलार्म वाजतील, पण बरेचसे नुसता बोटाचा सेन्सर सरकल्यामुळे, आणि ते बघायला सिस्टर आहेत.

मग हात. अंगठी, घड्याळ काढून सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळायचं. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहतात. पेशंटला सी. डिफिसिलचे जुलाब असतील तर साबण-पाणीच हवं, कारण त्या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत.

‘त्यांच्याशी बोला’ एवढं सांगून निघून गेलात तर माणूस अवघडून उभा राहतो. नेमकं काम सांगा. सुरुवात चष्मा आणि श्रवणयंत्रापासून करा. दोन्ही बहुतेक घरीच राहिलेली असतात, किंवा यंत्र कानात असतं आणि बॅटरी संपलेली. दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा माणसाला डिलिरियमचा, म्हणजे आजारपणात अचानक येणाऱ्या भ्रमाचा, गोंधळ जास्त सतावतो. नाव घेऊन हाक मारायची, वार आणि वेळ सांगायची, आपण कुठे आहोत ते सांगायचं. प्रश्न एका वेळी एकच, हो-नाहीचा: ‘दुखत असेल तर हात दाबा.’ ‘दुखतंय की तहान लागलीय?’ असं विचारलं आणि हात दाबला, तर काय समजायचं? गुंगीच्या औषधांमुळे उत्तराला वेळ लागतो; दहाएक सेकंद थांबायला सांगा.

डिलिरियमचा गप्प प्रकार आपल्या नजरेतून सुटतो. पेशंट शांत पडलाय, बरंच आहे, असं वाटतं. म्हणून रोज विचारा: ‘आज ते तुम्हाला नेहमीसारखे वाटतात का?’ ‘नाही’ आलं तर लगेच तपासा.

ओठ ओल्या स्पंजने पुसणं, क्रीम लावणं, तुम्ही दाखवल्यावर बोटं-कोपर हलवणं हे त्यांना जमतं. मनगटात आर्टरी लाइन (धमनीत घातलेली बारीक नळी) असेल तर ते मनगट वाकवायचं नाही. दोन चुका मायेपोटी होतात. ‘आराम पडावा’ म्हणून डोक्याकडची बाजू खाली करतात; व्हेंटिलेटरवर ती 30 ते 45 अंश उचललेलीच हवी, नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं. आणि नळी निघाल्यावर चमचाभर पाणी पाजतात. गिळणं अजून कच्चं असतं, ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत जातं. बंदी घालताना कारणही सांगा, मग ती पाळली जाते.

बेडशेजारी एक वही ठेवा: तारीख, काय झालं, कोण येऊन गेलं, रोज तीन-चार ओळी. या दिवसांच्या आठवणी पुढे तुटक असतात, काही तर भ्रमातल्या. वही तेव्हा कामी येते.

काहींना यातलं काहीच करायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. त्यांना खुर्ची द्या, औषधांचे पंप नाहीत त्या बाजूला, पेशंटला त्यांचा चेहरा दिसेल अशी.