लहान चणीच्या कालवडीला पहिल्या वेताला कुठला वळू?

आमची चंद्री अडली त्याला सात वर्षं झाली. चौदा महिन्यांची पोर ती, पहिल्यांदाच नीट माजावर आली होती. कृत्रिम रेतन करणारे भाऊ नायट्रोजनचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, एचएफची कांडी टाकतो, ह्याच्या पाड्या वीस-वीस लिटर देतात." एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन ही थोराड परदेशी जात, आणि कांडी म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी. वीस लिटर ऐकल्यावर मी कशाला नाही म्हणते? कालवडीकडे त्यांनीही पाहिलं नाही आणि मीही नाही.

नऊ महिन्यांनी रात्री दीडला पाणमोट फुटली. दोन खूर दिसले, माझ्या मनगटाएवढे जाड, आणि तिथंच थांबले. तोंड काही येईना. तालुक्याहून डॉक्टर यायला चार वाजले. गोऱ्हा मेलेला निघाला. चंद्रीच्या मागच्या पायांतली ताकदच गेली होती. अकरा दिवस आम्ही तिला पोत्यांवर कूस बदलून ठेवलं, बाराव्या दिवशी ती गेली. वीस लिटरचा हिशोब तिथंच मिटला.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. पहिल्या वेताला वळू निवडायचा तो पोटातलं वासरू सुखरूप बाहेर यावं म्हणून. दुधाचा विचार दुसऱ्या वेतापासून. आणि वळू निवडायचा तो माज यायच्या आधी. गाय हंबरायला लागली की मग डब्यात जे असेल ते घ्यावं लागतं.

आधी कालवड मोजा. वजनकाटा कुणाच्या गोठ्यात असतो? मी ब्लाउज शिवते, तीच शिवणटेप वापरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून, वशिंडाच्या पाठीमागून छातीचा घेर घ्यायचा, इंचात. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून शेपटीजवळच्या टोकाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, भागिले 660. येतं ते अंदाजे किलोतलं वजन. जनावर सपाट जागेवर, चारी पायांवर सरळ उभं पाहिजे, नाहीतर दोन-तीन इंच सहज इकडेतिकडे होतात. आणि घेराला घेरानंच गुणायचं असल्यामुळे तिथली चूक फार महागात पडते.

चंद्रीनंतरची आमची मैना जुलैत पंधरा महिन्यांची होती. घेर 54, लांबी 46. गणित केलं तर 203 किलो. मग तिच्या आईला मोजलं. टेप साठ इंचाची, ती पुरेना, म्हणून सुतळी गुंडाळून मोजली: घेर 66, लांबी 55, म्हणजे 363 किलो. कालवड भरवताना, म्हणजे गाभण करवताना, तिचं वजन पुरत्या वाढलेल्या गाईच्या साठ ते पासष्ट टक्के तरी असावं, असं डॉक्टर सांगतात. मैनाला म्हणजे 220 ते 235 पाहिजे होतं. 203 वर वळूची चर्चाच नको. संकरित कालवडींना साधारण अडीचशे किलो धरा म्हणतात, पण आपल्या कालवडीची आई समोर दावणीला असेल तर तिच्यावरून काढलेला आकडा जास्त खरा.

"माज वाया घालवू नये गं, मग गाय वांझ राहते," सासूबाईंचं म्हणणं. मी चार महिने थांबले, पाच-सहा माज गेले, मैनाला काही झालं नाही. दर एकवीस दिवसांनी ती कॅलेंडरवर खूण केल्यासारखी येत होती, उलट त्यावरून तिचं चक्र नियमित आहे हे कळलं. मात्र थांबणं म्हणजे नुसतं बांधून ठेवणं नव्हे. हिरवा चारा, मुरघास, थोडी पेंड, खनिज मिश्रण आणि जंताचं औषध. दिवसाला तीनशे-चारशे ग्रॅम वाढ आली पाहिजे. नोव्हेंबरात घेर 58 आणि लांबी 49 झाली, म्हणजे 250 किलो. तसं दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. अडीच-तीन वर्षांची होऊन लठ्ठ झालेली कालवडही अडते, कारण चरबी आतल्या वाटेतही साठते.

एकदा डॉक्टरांकडून आतून तपासून घ्या. वजन बरोबर असूनही काही कालवडींचा कटीभाग अरुंद असतो. मागून उभं राहून दोन्ही बाजूंची हाडं एकमेकांपासून किती लांब आहेत ते आपणही पाहू शकतो, पण आतली वाट हात घालणाऱ्यालाच कळते.

आता वळू. एचएफचं वासरू जन्मताना पस्तीस-चाळीस किलोचं असतं, जर्सीचं पंचवीसच्या आसपास. अडीचशे किलोच्या कालवडीला ह्या दहा-पंधरा किलोंचा फरक जीवघेणा असतो. म्हणून लहान चणीच्या संकरित कालवडीला पहिल्या वेताला जर्सी किंवा जर्सी संकर. मैना आधीच अर्धी जर्सी, म्हणून मी संकरित वळूचीच कांडी मागितली. शुद्ध जर्सी टाकली असती तर वासरात पाऊण परदेशी रक्त आलं असतं, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात अशा गाई धापा टाकतात. जर्सीचं दूध कमी भरतं म्हणून लोक नाक मुरडतात. पण दराचं गणित 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले घन घटक) बसवलेलं असतं, आणि जर्सीच्या पाडीची फॅट त्याच्या वरच राहते.

देशी कालवडीचं सोपं आहे. खिल्लारला खिल्लार, डांगीला डांगी. वासरू लहान, वाट त्याच मापाची. देशी गाय चार-आठ दिवस जास्त घेते, त्याला घाबरू नका. खिल्लार कालवडीला एचएफ टाकणारे अजूनही भेटतात, त्यांना हात जोडा.

आता वळूची माहिती कशी वाचायची ते सांगते, कारण फसगत इथंच होते. आपल्याकडच्या पत्रकात बहुतेक वेळा वळूच्या आईचं दूध आणि फॅट ठळक छापलेलं असतं. वासरं किती सहज होतात ते क्वचितच असतं. परदेशी वळूंच्या यादीत ते असतं, पण दोन वेगळ्या रकान्यांत. एक आकडा त्या वळूची वासरं किती सहज बाहेर येतात तो, दुसरा त्याच्या पाड्या पुढं मोठ्या होऊन किती सहज वितात तो. आपल्याला हवा पहिला. शिवाय काही देशांत तो आकडा अडलेल्या वितींचा टक्का असतो, म्हणजे कमी तेवढा चांगला. काही ठिकाणी उलट, जास्त तेवढा चांगला. खालची टीप वाचल्याशिवाय बोट ठेवू नका. आकडाच नसेल तर रेतन करणाऱ्याला सरळ विचारा: "भाऊ, ह्या नंबरची वासरं कुणाकुणाकडं झाली? कालवडीला टाकली होती का?" चांगला माणूस दोन-तीन गोठे सांगतो. गप्प बसला तर दुसरी कांडी मागा. अंगानं अवाढव्य वळू म्हणजे वासरू मोठंच असंही नाही, आणि छोटा वळू म्हणजे लहान असंही नाही. जन्मताना वासरं किती भरली, तेवढंच विचारा.

लिंगनिर्धारित कांडीचा एक फायदा लोक विसरतात. पाडी होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि पाडी गोऱ्ह्यापेक्षा जन्मताना दोनेक किलो हलकी असते. कालवडीला तेवढंही पुष्कळ. गाभण राहण्याचं प्रमाण मात्र साध्या कांडीपेक्षा कमी. त्यामुळे माज अगदी स्पष्ट दिसत असेल, सोट (माजातला चिकट स्राव) स्वच्छ काचेसारखा असेल, तरच टाका.

आणि कांडी हातात घेऊन वाचा. मैनाच्या वेळी भाऊंनी डबा उघडला, चिमट्यानं कांडी काढली, कोमट पाण्यात सोडली. अर्ध्या मिनिटानं पुसून माझ्यापुढं धरली. नंबर मी वहीशी ताडून पाहिला आणि पोटात गोळा आला. मैनाच्या बापाचाच नंबर! "दोन-अडीच वर्षांपूर्वीची शिल्लक असेल ताई," ते म्हणाले. बापाला लेक देणार होतो आम्ही. ती कांडी फुकट गेली, दुसरी काढली. तेव्हापासून मी डबा उघडायच्या आधीच नंबर विचारते. तुमच्या कालवडीच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर बापाची नोंद सापडू शकते. नाहीतर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा, पण लिहा.

वेळेचं थोडक्यात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

आमच्या अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात काही वाड्यांवर कांडी वेळेत पोचत नाही, तिथं वळूच लागतो. मग तरुण, हलका डांगी वळू बघा. पाचशे किलोचा वळू अडीचशेच्या कालवडीवर चढला तर पाय घसरून कमरेला इजा होते. मालकाला त्याची वासरं दाखवायला सांगा, ती समोर चरत असतील तर त्यांच्याएवढा खरा पुरावा नाही. पण गावभर फिरणाऱ्या वळूकडून सांसर्गिक गर्भपाताचा रोग येतो, तो माणसालाही लागतो. वळूची रक्ततपासणी झाली आहे का हे विचारायला लाजू नका.

गाभण राहिल्यावर "शेवटचे दोन महिने चारा कमी कर, वासरू बारीक राहील" असं सांगणारे भेटतील. वासरू फारसं बारीक राहत नाही, आईच हडकते आणि वेळेला तिला कळा द्यायची ताकद उरत नाही. चुकीच्या वळूची दुरुस्ती उपाशी ठेवून होत नाही.

मैनाला 12 नोव्हेंबरला भरवलं. 280 दिवस म्हणजे 19 ऑगस्ट. ती 16 ला व्याली, पहाटे, पाऊस चालू असताना. पाणमोट फुटल्यावर मी घड्याळ हातात घेऊन बसले. दोन पाय आणि त्यावर टेकवलेलं नाक दिसलं तेव्हा कुठं श्वास सोडला. तासाभरात आपसूक मोकळी झाली, कुणी हात लावला नाही. पाडीला कांद्याच्या काट्याला झोळी बांधून तोललं, 23 किलो. सासूबाईंनी खरवसाला वेलची कुटायला घेतली.

आता मैना दुसऱ्या वेतासाठी माजावर यायची आहे. कालच सुतळीनं मोजली, घेर 63. ह्या वेळी एचएफ संकराच्या वळूंची यादी मागवली आहे, आणि मैनाच्या बापाचा नंबर वहीत लाल शाईनं लिहून ठेवलाय.