कैरोहून एका दिवसात अलेक्झांड्रिया करणार असाल तर हे वाचा

ट्रेनने जात असाल तर सिदी गाबरला उतरू नका, ते आधी येतं आणि अर्धी गाडी तिथेच रिकामी होते म्हणून आपणही उठतो, पण शेवटच्या मिस्र स्टेशनला उतरलात की कोम अल-दिक्काचं रोमन थिएटर चालत गाठता येतं. तिथून टॅक्सीने सरळ कोम अल-शुकाफाची भुयारी थडगी गाठा, सकाळीच. १९०० साली एक गाढव जमिनीत कोसळलं आणि हे सापडलं म्हणतात. गोल जिन्याने खाली उतरलात की मुख्य थडग्याच्या दाराशी थांबून नीट बघा, कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव अनुबिस चक्क रोमन सैनिकाच्या चिलखतात उभा आहे! इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने वसवलेल्या या शहरात इजिप्शियन, ग्रीक, रोमन सगळं कसं मिसळलं ते त्या एका मूर्तीत कळतं. पॉम्पेचा खांब जवळच आहे, खरंतर तो सम्राट डायोक्लेशियनसाठी उभारलेला.

कायतबे किल्ला मात्र दुपारी उशिरावर ढकलू नका, लवकर बंद होतो. जगप्रसिद्ध दीपस्तंभ याच जागी होता, भूकंपांत पडला आणि १४७७ मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला, त्यात दीपस्तंभाचे दगडही वापरलेत. समुद्रावर वारा जोरात असतो, थंडीत गेलात तर जाड जॅकेट हवंच.