टू-स्ट्रोक क्वाड डायनोवर चढवताय? या चुका टाळा

माझं पहिलं इंजिन बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये सीझ झालं (पिस्टन आतच अडकला), तेव्हा डायनोच्या, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर त्या दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा होता. घरी बांधलेली क्वाड (चार चाकांची बाईक), यामाहा आरएक्स १३५ चं इंजिन, ऑइल पंप काढून तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) एकेक नंबर खाली आणत होतो आणि दर वेळी ताकद वाढत होती. मित्र म्हणाला, "आणि एक कमी कर की रे." केला. पुढच्याच पुलला (पूर्ण ताकदीच्या एका फेरीला) वरच्या आरपीएमवर आवाज कोरडा झाला आणि मागची चाकं जागच्या जागी अडकली.

या इंजिनात क्रँकचं बेअरिंग, पिस्टन, बोअर या सगळ्यांना तेल पेट्रोलच्या वाटेनंच मिळतं आणि पिस्टनचा गारवाही बराचसा त्याच पेट्रोलमुळे असतो. त्यामुळे मिश्रण लीन झालं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं) की दोन्ही एकदम तुटतात. फसवणूक अशी, की तुटायच्या आधी गाडी सर्वात जोरात पळते.

प्रेशर टेस्ट न करता जेटला हात लावणं

इंजिन खोललं तेव्हा खरं कारण सापडलं. मॅग्नेट साईडचा क्रँक सील (क्रँकच्या टोकाची रबरी रिंग) कडक होऊन हवा ओढत होता. मी जेट बदलत बसलो होतो आणि आत न मोजलेली हवा शिरत होती. माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

टेस्टला मोठं साहित्य लागत नाही. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबराच्या बुचानं बंद करा, पिस्टन खाली आणा म्हणजे पोर्ट उघडे राहतील, आणि जुन्या बीपी मशीनचा फुगा व डायल जोडून हवा भरा. डायलवरचे ३०० म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, तेवढं पुरे. जास्त दाब दिला तर चांगला सीलही जागेवरून निघेल. ६ मिनिटं थांबा. काटा मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी घेऊन सील, बेस गॅस्केट, कार्ब्युरेटरचं रबर, हेड, सगळीकडे बुडबुडे शोधा. गळती मिळेपर्यंत गाडी रोलरवर चढवू नका.

पुल संपल्यावर नुसती ग्रिप (ॲक्सिलरेटर) सोडून देणं

चोर्ला घाट उतरताना जुनी मंडळी टू-स्ट्रोकला मधूनमधून थोडी रेस देत असत. ग्रिप बंद, पण चाकं इंजिनला फिरवतायत, म्हणजे फिरणं जोरात आणि तेल जवळपास शून्य. डायनोवर हाच घाट काही सेकंदांत उतरतो, कारण जड रोलर इंजिनला ओढत राहतो. पुल संपताच क्लच दाबा आणि सोबतच ग्रिप सोडा. रोलर त्याच्या ब्रेकनं थांबू द्या.

मीटरवर डोळे झाकून भरवसा

एक्झॉस्टचं तापमान कमी दिसलं की पोरं खूश होतात. पण टायमिंग ॲडव्हान्स केलं (ठिणगी लवकर पाडली) की एक्झॉस्ट गार आणि हेड गरम होतं. नॉकिंग (आत मिश्रणाचे अवेळी स्फोट) सुरू झालं तरी एक्झॉस्टचा आकडा खालीच येतो. हेडचं तापमान सोबत मोजलंच पाहिजे. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण दाखवणाऱ्या लॅम्डा मीटरचंही तसंच आहे. टू-स्ट्रोकमध्ये थोडी ताजी हवा न जळता सरळ एक्झॉस्टमध्ये जाते आणि तेलानं सेन्सरही बिघडतो. म्हणून नवा प्लग लावून पूर्ण ग्रिपवर पुल घ्या, तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबा, आणि प्लगच्या पोर्सिलीनची मुळाजवळची कडा बघा. पांढरी, चकचकीत असेल तर जेट मोठा करा. सुरुवात नेहमी मोठ्या जेटनं करा आणि ताकद वाढायची थांबायच्या एक पायरी आधीच थांबा.

"तेल जास्त घातलं की इंजिन सुरक्षित" हाही गैरसमज आहे. त्याच जेटमधून तेल जास्त गेलं की पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट लीनच होतं. ३२ ला १ हे प्रमाण ठरवलं असेल तर ५ लिटरला १५६ मिली तेल मापून घाला आणि नंतर बदलू नका. प्रमाण बदललं तर जेटिंग पुन्हा पहिल्यापासून.

बेळगावचा जेट गोव्याला नेणं

आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा ८ ते ९ टक्के कमी असतो. इथे काठावर लावलेला जेट घाट उतरून पणजीला गेला की दाट हवेत लीन पडतो. डिसेंबरातल्या पहाटेच्या गार हवेतही तेच. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं, याचा आनंद आहे, पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या पेट्रोलवर बसवलेला जेट त्यावर लीन ठरतो. ज्या पंपाचं पेट्रोल गाडीत घालणार, तेच डायनोवर वापरा.

क्वाडच्या दोन्ही मागच्या चाकांना एकच ॲक्सल असतो, त्यामुळे मोटरसायकलचा अरुंद रोलर चालत नाही. टायरमध्ये हवा खूप कमी असते. साईडवॉलवरच्या कमाल आकड्याच्या आत राहून दोन्हीकडे सारखी भरा. पट्टे चारही बाजूंनी, चेनच्या रेषेत माणूस नको, आणि धूर शेडबाहेर काढायला पाइप हवाच, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लाकडाची एक सपाट फळी हाताशी ठेवा. हवा ओढणारं तापलेलं इंजिन कधी कधी किल स्विचलाही जुमानत नाही. तेव्हा फिल्टर खेचून काढा आणि कार्ब्युरेटरचं तोंड फळीनं दाबून धरा.