वॅगनचा ॲक्सलबॉक्स तापत होता, माझा अनुभव
इकडे इंग्लंडमधे एका हेरिटेज लाईनवर (म्हणजे जतन केलेल्या जुन्या रेल्वेवर) आम्ही व्हॉलंटियर जुन्या मालगाडीचे डबे दुरुस्त करतो (व्हॉलंटियरांनी जुनी रेल्वे चालवायचा हा उद्योग मुळात वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेने १९५१ला चालू केला). एका १६ टनी कोळशाच्या वॅगनचा एकच ॲक्सलबॉक्स (चाकाच्या दांड्याचं टोक ज्यात फिरतं ती तेलाची पेटी) सारखा तापायचा, सगळे म्हणे बेअरिंग गेलं, पण मी आधी त्यातलं तेल काढून बरणीत ठेवलं तर खाली चक्क पाणी! झाकण वाकलेलं, पाऊस आत, पाणी तळाशी बसणार आणि दांड्याला खालून तेल लावणारं पॅड तेलाऐवजी तेच वर ओढणार. मग जॅक लावून वॅगन उचलली, बॉक्स रॉकेलने धुतला, बेअरिंगच्या व्हाइट मेटलवरचे (आतल्या मऊ धातूच्या थरावरचे) ओरखडे स्क्रेपरने हलक्या हाताने काढले, नवीन पॅड रात्रभर तेलात लोणच्यासारखं मुरवलं, झाकण ठोकून सरळ केलं. नुसतं वरनं तेल ओतत राहणारे लोक मला कळतच नाहीत. आता गाडी फिरून आली की चारही बॉक्स सारखेच कोमट.