उत्तरा-हस्ताच्या भरवशावर: सोलापूरच्या कोरडवाहू ज्वारीसाठी सल्ला

सोलापुरात मृग-आर्द्रा नक्षत्रांत (जून-जुलै) आभाळ भरून येते, वारा दिवसभर घोंघावतो आणि पाऊस मात्र भुरभुरीवर भागवतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प घाटमाथ्यावरच बरसून जात असल्याने पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला जुलैत बहुधा नुसते ढग येतात. इथला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, म्हणजे उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमाराचा. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकू लागली की तो मेघगर्जनेसह, थोड्या वेळात पुष्कळ असा पडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अशाच एका प्रणालीने जिल्ह्यातील शेते पाण्याखाली नेली होती. ऑक्टोबरनंतर मात्र पावसाची आशा धरण्यात अर्थ नाही, म्हणून रब्बी ज्वारी ही जमिनीत साठलेल्या ओलीवरच काढायची असते.

ही ओल धरण्याचे काम पेरणीच्या आधीचे आहे. रान मोकळे असेल तर ऑगस्टअखेरपर्यंत कुळवाच्या (माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराच्या) पाळ्या उताराला आडव्या घालून सारा यंत्राने, म्हणजे मातीचे बांध ओढणाऱ्या अवजाराने, वाफे पाडून ठेवावेत, म्हणजे उत्तरा नक्षत्रातील जोराचा पाऊस ओढ्याला न जाता जागेवर मुरेल. बियाण्यावर पैसे घालणारे अनेक जण नेमकी हीच मशागत टाळतात, हे आकलनापलीकडचे आहे.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, वाफसा येताच, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी झाली की, करावी. फार लवकर पेरल्यास कोवळ्या रोपांचा पोंगा मारणारी खोडमाशी गाठते आणि उशीर झाल्यास दाणे भरण्याच्या वेळी ओल संपते. वाण शेजाऱ्याचे पाहून नव्हे, तर मातीची खोली पाहून निवडावा: हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी जमिनीत फुले वसुधा. हेक्टरी १० किलो बियाणे पुरेसे होते. कणसात दाण्यांऐवजी काळी भुकटी करणारा काणी हा बुरशीजन्य रोग टाळण्यासाठी किलोमागे ४ ग्रॅम गंधकाची बारीक पूड (३०० मेश) चोळावी आणि दोन चाड्यांच्या (पेरणीच्या नरसाळ्यांच्या) पाभरीने खत व बियाणे एकाच वेळी, ४५ सेंटिमीटर अंतरावर पेरावे.

पुढे कोळपणीत, म्हणजे ओळींमधली माती हलवून तण काढण्यात, हयगय करू नये. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात अखंड फासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करावी. तिसऱ्या कोळपणीच्या वेळी रानात तण फारसे नसते, त्यामुळे ती अनावश्यक वाटते. पण काळ्या जमिनीला पडू लागलेल्या भेगा तिनेच बुजतात आणि खालची ओल उडून जाण्याचे थांबते. शेततळ्यात पाणी शिल्लक असल्यास ते पेरणीनंतर २८ ते ३० दिवसांनी आणि पीक पोटरीत असताना (कणीस बाहेर पडण्याआधी), म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी द्यावे.