वापरलेली, दुर्मीळ, मॅन्युअल स्पोर्ट्स कार: इंदूरकरांसाठी शोधाची पद्धत आणि वॉरंटीचे खाचखळगे

भारतात तीन पेडलांच्या (क्लच असलेल्या, म्हणजे मॅन्युअल), चपळ स्वभावाच्या गाड्या मुळातच थोड्या विकल्या गेल्या आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे प्रदूषण नियम लागू झाल्यावर त्यांतील बऱ्याचशांची विक्री बंद झाली. त्यामुळे इंदुरात बसून अशी वापरलेली गाडी शोधणाऱ्याने दोन गोष्टी आधीच गृहीत धराव्यात. गाडी बहुधा शहराबाहेर, पुण्या-मुंबईत किंवा त्याहूनही दूर सापडेल; आणि सापडल्यावर ‘ही पुन्हा मिळायची नाही’ या धास्तीने आपला हात सैल होईल. नेमक्या त्याच वेळी विक्रेता ‘गाडी अजून वॉरंटीत आहे’ असे सांगतो आणि त्या एका वाक्यापोटी बरेच पैसे जास्त मोजले जातात. माझे मत असे आहे, की जी वॉरंटी कंपनीच्या कागदावर, चासी क्रमांकासह आणि आपल्या नावावर होण्याच्या खात्रीसह दाखवता येत नाही, तिची किंमत शून्य धरावी आणि ते पैसे तपासणी व दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत.

आधी गाडी ठरवावी

या यादीतील सर्वांत लोभस गाडी म्हणजे फियाटची अबार्थ पुंटो. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती आली तेव्हा १.४ लिटरचे टी-जेट टर्बो इंजिन, १४५ पीएस ताकद आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक हे सारे ९.९५ लाख रुपयांच्या एक्स-शोरूम किमतीत मिळत होते. मार्च २०१७ मध्ये आलेली मारुती बलेनो आरएस (१०२ पीएस, आयात केलेले एक लिटरचे बूस्टरजेट इंजिन) आणि ऑक्टोबर २०१८ ची टाटा टियागो जेटीपी (११४ पीएस) या त्यामानाने खिशाला परवडणाऱ्या. त्याआधीच्या पिढीत स्कोडाची १.८ लिटर टर्बो ऑक्टाव्हिया व्हीआरएस आणि नंतर आलेली सहा गिअरची लॉरा व्हीआरएस येते. या सर्व गाड्यांची मूळ वॉरंटी केव्हाच संपलेली आहे, म्हणून त्यांच्याबाबत ‘वॉरंटी’ असा उल्लेख झाला, तर ती कोणी तरी वेगळ्याने दिलेली आहे, हे लगेच ओळखावे.

वॉरंटी खरोखर शिल्लक असू शकते ती अलीकडच्या गाड्यांवर: १.५ लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाची मॅन्युअल स्कोडा स्लाव्हिया, २०२३ मध्ये मॅन्युअल पर्याय मिळालेली १५० पीएसची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लस आणि त्याच वर्षी सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स मिळालेली ह्युंदाई आय-२० एन लाइन. इथे जाहिरात नीट वाचावी. २०२१ ची एन लाइन ‘आयएमटी’ प्रकारची होती; तिला हाताने हलवायचा गिअर आहे, पण क्लचचे पेडलच नाही, तरी जाहिरातीत ती बिनदिक्कत ‘मॅन्युअल’ म्हणून येते. २०१६ ची पोलो जीटीआय आणि २०१७ पासूनच्या ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे फक्त डीएसजी (आपोआप गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्ससह आल्या, त्यामुळे त्यांचे ‘मॅन्युअल’ सांगून कोणी फोन केला, तर तो तिथेच ठेवून द्यावा.

शोध कुठे घ्यावा

ऑनलाइन जाहिराती पाहाव्यातच; पण चांगली गाडी जाहिरातीपर्यंत पोहोचण्याआधीच त्या मॉडेलच्या मालकांच्या गटांत किंवा ती गाडी वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या मेकॅनिकच्या ओळखीत विकली जाते. म्हणून पुणे, मुंबई, बेंगळुरू येथील अशा दोन-चार गॅरेजवाल्यांना निरोप देऊन ठेवावा आणि धीर धरावा. पुण्याच्या काही मालकांकडे प्रत्येक बिल तारीखवार लावलेली फाइल असते. अशा फाइलसाठी थोडी जास्त किंमत देणे मला वॉरंटीसाठी जास्त देण्यापेक्षा शहाणपणाचे वाटते.

दिल्लीची स्वस्त गाडी हे वेगळे प्रकरण आहे. तिथे पंधरा वर्षांहून जुन्या अनेक पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, त्यामुळे जुन्या ऑक्टाव्हिया ग्वाल्हेरमार्गे आपल्याकडे मोहक भावात येतात. अशा गाडीची नोंदणी रद्द झालेली नाही ना आणि एनओसी खरी आहे ना, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. पंधरा वर्षांनंतरच्या पहिल्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आणि नूतनीकरण पाचच वर्षांचे मिळते, हेही हिशेबात धरावे.

वॉरंटी देणारा कोण, हे आधी शोधावे

निर्मात्याची मूळ वॉरंटी सामान्यतः गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. तिची मोजणी पहिल्या विक्रीच्या दिवसापासून होते आणि वर्षे किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथे ती संपते. शोरूमची डेमो गाडी घेताना इथेच गफलत होते: गाडी ‘जवळजवळ नवी’ असली, तरी ती डीलरच्या नावावर नोंदली गेली त्या दिवसापासून वॉरंटी सुरू झालेली असते आणि आपण कागदोपत्री दुसरे मालक ठरतो.

एक्स्टेंडेड वॉरंटी हा खरा गुंतागुंतीचा भाग. ती निर्मात्याने दिलेली असेल, तर देशभरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर चालते. पण काही वेळा ती डीलरने स्वतःच्या नावाने किंवा एखाद्या विमा कंपनीमार्फत विकलेली असते आणि मग पुण्यातल्या त्या डीलरच्या वर्कशॉपबाहेर तिला कोणी विचारत नाही. गिअरबॉक्स बिघडलेली गाडी ट्रकवर चढवून सुमारे सहाशे किलोमीटर परत नेण्याची तयारी नसेल, तर असा कागद इंदूरकराच्या काहीच कामाचा नाही. शिवाय बऱ्याच योजनांत मालकी बदलल्यावर ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो आणि कधी फी भरावी लागते; ती मुदत चुकली, की छापील तारीख कितीही पुढची असली तरी संरक्षण संपते.

तिसरा प्रकार म्हणजे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने दिलेली सहा महिन्यांची किंवा वर्षाची हमी. ‘पूरी गारंटी है भैया’ हे काउंटरवरचे वाक्य आणि मागच्या पानावरच्या बारीक अटी यांत फार अंतर असते. एका दाव्याची कमाल रक्कम किती, आधी परवानगी न घेता गाडी उघडली तर काय, टर्बो आणि गिअरबॉक्स यांचा समावेश आहे की नाही, आणि ‘आधीपासून असलेला दोष’ कोण ठरवणार, एवढे चार मुद्दे वाचले तरी त्या हमीचा जीव किती ते कळते.

दावा नाकारला जातो तो कुठे

हौसेच्या गाड्यांना जडणारा एक खास रोग आहे. मालक वर्षाला तीन हजार किलोमीटरही चालवत नाही, म्हणून ‘किलोमीटर झालेच नाहीत’ असे म्हणून वार्षिक सर्व्हिस टाळतो. सर्व्हिसची अट मात्र बहुधा किलोमीटर किंवा कालावधी, जे आधी येईल ते, अशी असते. त्यामुळे झाकून ठेवलेली, काचेसारखी चकचकीत, कमी चाललेली गाडी प्रत्यक्षात वॉरंटीच्या दृष्टीने कमकुवत असू शकते, आणि तिच्यापेक्षा दुप्पट चाललेली पण दरवर्षी वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी अधिक सुरक्षित ठरते. सर्व्हिसची नोंद तारखेनुसार तपासावी. किलोमीटरनुसार तपासली तर ही फट दिसत नाही.

दुसरे कारण म्हणजे रीमॅप. टर्बो पेट्रोल गाडीचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे सोपे आहे आणि विकण्यापूर्वी मूळ सॉफ्टवेअर परत टाकणेही सोपे आहे. पण कंपनीच्या निदानयंत्रणेत त्याचा माग राहू शकतो. फोक्सवॅगन समूहात अशा गाडीवर ‘टीडी१’ ही खूण लागते आणि मग इंजिनाशी संबंधित दावा मंजूर होणे कठीण होते. बॉनेट उघडल्यावर एअर फिल्टरच्या डब्याचे झिजलेले स्क्रू, बदललेले क्लॅम्प, सायलेन्सरवर ताज्या वेल्डिंगची रेघ अशा खुणा दिसल्या, तर सरळ विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. वॉरंटीचा प्रश्न नसला तरी निर्मात्याच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते.

तिसरे कारण या गाड्यांच्या मूळ आकर्षणातच आहे. क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू मानली जाते, म्हणून ती साधारणपणे कोणत्याही वॉरंटीत बसत नाही. ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनचे बुश यांचेही तेच, आणि टायर व बॅटरी यांची हमी त्यांच्या त्यांच्या कंपन्यांकडे असते. क्लचच्या शेजारचे रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारे जड चाक) यांबाबत मात्र वाद होतो, आणि फ्लायव्हील महाग असते; ते समाविष्ट आहे का, हा प्रश्न नाव घेऊन विचारावा.

या सर्वांवर एकच उपाय चालतो. सौदा पक्का करण्यापूर्वी मालकाच्या संमतीने अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून चासी क्रमांकानिशी ईमेलवर उत्तर मागवावे: वॉरंटी कधी सुरू झाली, कधी व किती किलोमीटरवर संपते, कोणत्या सर्व्हिस चुकल्या, आजवर कोणते दावे झाले, कोणता रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणे) बाकी आहे आणि हस्तांतराची पद्धत काय. विक्रेता यासाठी संमती देण्यास टाळाटाळ करू लागला, तर ते त्याचे उत्तरच समजावे.

प्रत्यक्ष तपासणी

गाडी थंड असताना पाहावी. आधी फोन करून सांगितले तरी काही विक्रेते इंजिन गरम करून ठेवतात, म्हणून पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. पहिल्या स्टार्टला निळसर धूर आला, तर तेल जळते आहे. लॉराच्या १.८ टीएसआय इंजिनात थंड स्टार्टला काही क्षण खडखडाट ऐकू आला, तर टायमिंग चेनच्या टेन्शनरकडे (इंजिनातील साखळी ताणून धरणाऱ्या भागाकडे) संशयाने पाहावे आणि तेल किती खाते तेही विचारावे. अबार्थच्या टी-जेटला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच सोडलेला असताना खरखर येत असेल आणि पेडल दाबताच ती थांबत असेल, तर गिअरबॉक्सचे बेअरिंग किंवा फ्लायव्हील तपासून घ्यावे. उलट पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. मग मोकळ्या रस्त्यावर, इंदुरात असाल तर सुपर कॉरिडॉरवर सकाळी लवकर, चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा झपकन वर गेला आणि गाडी त्या मानाने पुढे सरकली नाही, तर क्लच घसरतो आहे. गिअरबॉक्स थंड असताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना कुरकुर झाली, तर सिंक्रो (गिअर सहज बसवणारा भाग) झिजला आहे. सिमरोलच्या घाटासारख्या उतारावर पाय उचलल्यावर गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये निसटला, तर पुढे बोलणी करण्यात अर्थ नाही.

किलोमीटरचा आकडा खरा आहे का, हे टायर सांगतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर अठरा हजारांचे आणि टायर मात्र २०२३ चे असतील, तर चार टायर एवढ्या लवकर का बदलले, याचे समाधानकारक उत्तर मिळाले पाहिजे. पेडलांचे रबर, गिअरच्या मुठीचे चामडे आणि चालकाच्या सीटची बाहेरची कड यांचीही झीज त्या आकड्याशी जुळली पाहिजे.

पीथमपूरच्या कारखान्यांत किंवा नॅट्रॅक्सच्या ११.३ किलोमीटरच्या चाचणी-ट्रॅकवर काम करणारा कोणी ना कोणी इंदूरच्या मराठी घरांच्या नात्यागोत्यात निघतोच; त्याला आग्रहाने सोबत न्यावे. तो नसेल, तर गाडी ज्या शहरात आहे तिथल्या स्वतंत्र तज्ज्ञाला फी देऊन लिफ्टवर तपासणी करून घ्यावी.

सौदा आणि कागद

परिवहन विभागाच्या अ‍ॅपवर मालकांची संख्या, कर्जाचा बोजा, विमा आणि चालान यांची माहिती पाहावी. कर्ज फिटले असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३०, आणि महाराष्ट्र किंवा गुजरातमधून गाडी आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची, तर एमपी-०९ चा नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि मध्य प्रदेशाचा कर भरावा लागतो. जुन्या राज्याकडून कराचा परतावा मिळवण्यासाठी वेगळा पाठपुरावा करावा लागतो. हा कर सौद्याआधीच नायता मुंडला येथील आरटीओत विचारून किमतीत धरावा.

व्यापाऱ्याकडून घेतली, तर सेवेतील त्रुटीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. गाड्या विकण्याचा धंदा न करणाऱ्या खासगी मालकावर सहसा हा मार्ग चालत नाही, आणि १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे माल पारखून घेण्याची जबाबदारी मुख्यतः खरेदीदारावरच राहते. म्हणून खासगी सौद्यात करारनाम्यात अपघात, पुराचे पाणी, रीमॅप आणि मीटर यांबाबत विक्रेत्याचे स्पष्ट निवेदन लिहून घ्यावे, आणि ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी.

विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. कायद्यानुसार तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे मात्र नाव बदलल्याशिवाय मिळत नाही, आणि विक्रेत्याचा नो क्लेम बोनस आपल्याला लागू होत नसल्याने फरकाची रक्कम भरावी लागते. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या हस्तांतरासाठी नवी आरसी मागितली जाते आणि दुसऱ्या राज्यातून गाडी आणल्यास ती हातात पडायला वेळ लागतो. म्हणून मधल्या काळात फॉर्म २९-३० च्या पोचपावतीवर अर्ज स्वीकारला जाईल का, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे आणि ते उत्तर येईपर्यंत विक्रेत्याची शेवटची रक्कम रोखून ठेवण्याची अट करारनाम्यात घालावी.